स्प्रिंगबँक : कॅम्पबेलटाउनच्या पडझडीतून टिकलेली डिस्टिलरी

कोकणकडा (धागालेखक)

स्कॉच व्हिस्कीविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुधा स्पेसाइड आणि आयला या दोन प्रदेशांपाशी थांबते. कॅम्पबेलटाउनचे नाव फार तर यादीत शेवटी येते. या धाग्यात त्या गावातल्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीविषयी सविस्तर लिहावे आणि जाणकारांनी त्यात भर घालावी, असा माझा हेतू आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किनटायर नावाचा लांबट, चिंचोळा द्वीपकल्प दक्षिणेकडे समुद्रात उतरत गेला आहे. त्याच्या टोकाजवळ, एका सुरक्षित खाडीच्या आत कॅम्पबेलटाउन वसले आहे. आज तेथे सुमारे पाच हजार माणसे राहतात. एवढ्याशा या गावात आजवर तीसहून अधिक डिस्टिलऱ्या होऊन गेल्या. आल्फ्रेड बार्नार्ड यांनी १८८५ च्या सुमारास ब्रिटनमधल्या डिस्टिलऱ्यांचा दौरा केला, तेव्हा या एका गावातल्या २१ डिस्टिलऱ्यांची वर्णने त्यांनी लिहून ठेवली. पुढे पन्नास वर्षांच्या आत, १९३० च्या दशकाच्या मध्यास, त्यांतल्या फक्त दोन उरल्या होत्या : ग्लेन स्कोशिया आणि स्प्रिंगबँक.

१८२३ साली ब्रिटिश संसदेने अबकारी कायदा बदलून कर कमी केला आणि १० पौंडांत परवाना मिळण्याची सोय केली. त्यानंतर डोंगरदऱ्यांत आणि परसांत चोरून दारू गाळणारी अनेक कुटुंबे कायद्याच्या कक्षेत आली. आर्चिबाल्ड मिचेल यांची बेकायदा भट्टी जेथे होती, त्याच जागी १८२८ साली स्प्रिंगबँक उभी राहिली. आरंभी ती मिचेल कुटुंबाच्या सोयऱ्यांच्या, म्हणजे रीड कुटुंबाच्या हाती होती. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८३७ साली जॉन आणि विल्यम या मिचेल बंधूंनी ती विकत घेतली. १८९७ साली ‘जे. अँड ए. मिचेल अँड कंपनी’ स्थापन झाली आणि मालकी आजही त्याच कंपनीकडे आहे. स्कॉच व्हिस्कीचा बहुतेक धंदा आज मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती असताना ही गोष्ट लहान नाही.

आता मूळ मुद्दा. बार्लीला मोड आणण्यापासून बाटलीवर लेबल चिकटवण्यापर्यंतचे प्रत्येक काम स्प्रिंगबँकमध्ये एकाच आवारात होते. लागणारा सगळाच्या सगळा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) तेथे जमिनीवर पसरून तयार केला जातो. लाफ्रॉएग, बोमोर, बालव्हेनी यांच्याकडेही माल्टची अशी जमीन आहे, पण त्यांच्या गरजेचा काही भागच तिच्यातून भागतो आणि उरलेला माल्ट मोठ्या कारखान्यांतून येतो. भिजवलेली बार्ली दगडी जमिनीवर पसरायची, तिला मोड येऊ लागले की उष्णता वाढून मुळे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून दिवसरात्र ठरावीक वेळाने लाकडी फावड्यांनी उलथत राहायचे आणि योग्य क्षणी भट्टीवर नेऊन वाळवायची, अशी ही पद्धत आहे. तिला माणसे पुष्कळ लागतात आणि वेळही पुष्कळ लागतो.

पर्यटकांना हे सारे दाखवताना जणू काळ येथे थांबला आहे असे सांगितले जाते आणि आपणही ते सहज मान्य करतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. स्प्रिंगबँकनेही १९६० साली जमिनीवरचे माल्टिंग बंद केले होते. त्या काळात एकामागून एक बहुतेक डिस्टिलऱ्या ते बंद करत होत्या, कारण बाहेरून आणलेला माल्ट स्वस्त पडत होता आणि एकसारखा मिळत होता. स्प्रिंगबँकने १९९२ साली ते पुन्हा सुरू केले. म्हणजे आज ज्याला आपण परंपरा म्हणून नावाजतो, तो एका कुटुंबाने हिशोबाच्या विरुद्ध जाऊन, पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आहे. मला स्वतःला अखंड परंपरेपेक्षा हा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. अखंड परंपरा पुष्कळदा नुसत्या सवयीने चालत राहते, पण तीस वर्षांपूर्वी बंद केलेले कष्टाचे काम पुन्हा अंगावर घेण्यासाठी त्या कामावर खरा विश्वास असावा लागतो.

यंत्रसामग्रीचेही तसेच आहे. माल्ट दळण्याची चक्की जुन्या पोर्टियस बनावटीची आहे. दळलेला माल्ट गरम पाण्यात कालवण्याचे ओतीव लोखंडी पात्र वरून उघडे असून शंभराहून अधिक वर्षांचे आहे. आंबवण्याच्या टाक्या लार्च वृक्षाच्या लाकडाच्या आहेत. तांब्याची ऊर्ध्वपातन पात्रे तीनच आहेत आणि त्यांतल्या पहिल्या मोठ्या पात्राला आजही खालून तेलाच्या उघड्या ज्वाळेची आच दिली जाते. पाणी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या क्रॉसहिल तलावातून येते.

या तीन पात्रांतून तीन वेगळ्या व्हिस्की निघतात. स्प्रिंगबँक हलक्या धुराची (हा धूर माल्ट वाळवताना जाळलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वनस्पतिजन्य मातीचा), लाँगरो जबर धुराची आणि हेझलबर्न अजिबात धूर नसलेली. लाँगरो आणि हेझलबर्न ही गावातल्याच दोन जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांची नावे आहेत. जुन्या लाँगरोचे गोदाम शेजारीच होते आणि आज त्यात स्प्रिंगबँकच्या बाटल्या भरल्या जातात.

जुनीवही

लेख माहितीपूर्ण आहे. एका गोष्टीवर अधिक लिहावे अशी विनंती करतो. वीसहून अधिक डिस्टिलऱ्या असलेले गाव इतक्या वेगाने कसे कोसळले? हेरिंग माशांच्या पिंपांत व्हिस्की भरल्यामुळे ती बदनाम झाली, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात तथ्य किती असावे?

कोकणकडा

@जुनीवही, हेरिंगची गोष्ट ऐकायला आकर्षक आहे, पण तेवढ्याने एवढा धंदा बुडणे मला संभवनीय वाटत नाही. कॅम्पबेलटाउन हे हेरिंगच्या मासेमारीचेही मोठे बंदर होते, त्यामुळे ही गोष्ट त्या गावाला चिकटणे स्वाभाविक होते. तिच्यामागचे सत्य बहुधा एवढेच आहे की मागणी चढती असताना काही डिस्टिलऱ्यांनी घाईने, निकृष्ट माल काढला आणि साऱ्या गावाचे नाव खराब झाले.

खरी कारणे समजण्यासाठी आधी हे गाव वर कसे आले ते पाहावे लागते. किनटायरमध्ये बार्ली पिकत होती, पीट होते, मॅक्रिहानिशच्या बाजूला कोळशाच्या खाणी होत्या आणि तेथून कोळसा आणण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस कालवाही खोदला गेला होता. सर्वांत मोठे बळ म्हणजे बंदर. रस्ते आणि रेल्वे यांची वानवा असलेल्या काळात आगबोटीने थेट ग्लासगोला माल पोचवता येत होता आणि ग्लासगोच्या, निरनिराळ्या व्हिस्कींचे मिश्रण (ब्लेंड) करून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना कॅम्पबेलटाउनची जड, तेलकट, भरदार व्हिस्की हवी होती.

हे एकेक बळ पुढे नाहीसे होत गेले. १८६३ साली स्पे नदीच्या खोऱ्यात रेल्वे पोचली आणि तिकडची हलकी, गोडसर व्हिस्की सहज बाजारात येऊ लागली. हळूहळू मिश्रण करणाऱ्यांची आवडही तिकडे वळली. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्यावर निर्बंध आले आणि कर वाढले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. १९२३ साली ड्रमलेंबलची खाण बंद पडल्याने हाताशी असलेला स्वस्त कोळसा गेला. त्यानंतर जागतिक मंदी आली. ज्या डिस्टिलऱ्या केवळ मिश्रणासाठी घाऊक माल पुरवत होत्या, त्यांच्यापाशी स्वतःच्या नावाचे गिऱ्हाईकच नव्हते. घाऊक खरेदीदाराने पाठ फिरवली की त्यांचा कारभार आटोपत असे. स्प्रिंगबँकही १९२६ ते १९३३ या काळात बंदच होती आणि तिलाही दैवाची साथ मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण मालक कुटुंब गावातच राहिले आणि त्यांनी जागा विकून टाकली नाही, हा फरक निर्णायक ठरला असे माझे मत आहे.

रसायनवेडा

दोन शंका आहेत. स्प्रिंगबँकचे ‘अडीच वेळा’ ऊर्ध्वपातन होते असे लिहिलेले आढळते. अर्धे ऊर्ध्वपातन म्हणजे नेमके काय? दुसरी शंका अशी की जमिनीवर केलेल्या माल्टिंगचा चवीवर खरोखर परिणाम होतो का? ओलावा, तापमान आणि वेळ नियंत्रित केल्यावर कारखान्यातल्या फिरत्या ड्रममध्ये मोड आलेल्या बार्लीत आणि जमिनीवर मोड आलेल्या बार्लीत रासायनिक दृष्ट्या मोठा फरक राहण्याचे कारण दिसत नाही. आपण परंपरेच्या प्रेमापोटी त्या फावड्याला अधिक श्रेय देत आहोत असे मला वाटते.

कोकणकडा

@रसायनवेडा, आधी पहिली शंका. आंबवलेले पाणी पहिल्या पात्रात गाळले की जो सौम्य मद्यार्क मिळतो, त्याला तेथे ‘लो वाइन्स’ म्हणतात. बहुतेक स्कॉच डिस्टिलऱ्यांत हा सगळा द्रव दुसऱ्या पात्रात एकदा गाळला की काम संपते. स्प्रिंगबँकमध्ये त्याचा सुमारे ८० टक्के भाग दुसऱ्या पात्रात गाळतात आणि २० टक्के भाग बाजूला ठेवतात. दुसऱ्या पात्रातून निघालेला अधिक तीव्र द्रव आणि बाजूला ठेवलेला तो पाचवा हिस्सा एकत्र करून तिसऱ्या पात्रात घालतात, आणि त्यातून मधला निवडक प्रवाह पिंपांसाठी घेतात. म्हणजे अंतिम मद्यार्काचा मोठा भाग तीनदा आणि लहान भाग दोनदा गाळलेला असतो. ‘अडीच’ हा त्याचा बोलीतला हिशोब आहे. लाँगरो सरळ दोनदा आणि हेझलबर्न पूर्ण तीनदा गाळली जाते.

यातून मिळते काय, तर एकाच व्हिस्कीत दोन स्वभाव येतात. तीनदा गाळलेल्या भागातून फळांचा हलका, स्वच्छ गंध येतो आणि दोनदा गाळलेल्या भागातून तेलकटपणा व वजन येते. त्यातच दोन छोट्या पात्रांपैकी एकाची वाफ थंड करण्यासाठी जुन्या पद्धतीची नागमोडी तांब्याची नळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली आहे. अशा नळीत वाफेला तांब्याचा सहवास कमी मिळतो, त्यामुळे गंधकयुक्त द्रव्ये कमी निघून जातात आणि मद्यार्क अधिक जड, मांसल राहतो.

दुसऱ्या शंकेत पुष्कळ बळ आहे. मोड जमिनीवर आले की ड्रममध्ये, एवढ्या एकाच फरकाने चव ओळखता येईल असा दावा मीही करणार नाही. माझ्या दृष्टीने जमिनीवरच्या माल्टिंगचा खरा लाभ भट्टीवरच्या नियंत्रणात आहे. स्प्रिंगबँकचा माल्ट सुमारे सहा तास पीटच्या धुरावर आणि नंतर गरम हवेवर वाळवतात, लाँगरोचा ४८ तासांपर्यंत पीटवरच ठेवतात आणि हेझलबर्नचा फक्त गरम हवेवर. हा धूर किती, केव्हा आणि कोणत्या ओलाव्यावर द्यायचा हे त्याच आवारातली माणसे ठरवतात.

तरी चवीचा अधिक मोठा उगम मी आंबवण्यात मानतो. अनेक आधुनिक डिस्टिलऱ्या दोन-अडीच दिवसांत आंबवणे उरकतात. येथे ते शंभर तासांहूनही अधिक चालते आणि द्रवाची घनता मुद्दाम कमी ठेवली जाते. यीस्टचे काम संपल्यावर लाकडी टाक्यांत वस्ती करून असलेले लॅक्टिक जिवाणू कामाला लागतात, आणि पक्व फळांची आठवण करून देणारी एस्टर संयुगे व किंचित आंबूस बाज यांत त्यांचा मोठा वाटा असतो. त्यात उत्पन्न कमी मिळते आणि टाक्या अडकून पडतात. ज्या मालकाला वार्षिक लिटरचा आकडा वाढवायचा आहे, तो हे करणार नाही.

रसायनवेडा

आंबवण्याविषयीचे विवेचन पटले. थेट आचेबद्दल एक पुरवणी जोडतो. उघड्या ज्वाळेवर तापणाऱ्या पात्रात तळाशी यीस्ट आणि धान्याचे कण करपण्याचा धोका असतो, म्हणून आत तांब्याच्या साखळ्यांचे फिरते जाळे बसवावे लागते. ते तळ सतत खरवडत राहते. त्यातून तळाचे तांबे नित्य नवे उघडे पडते आणि खरपूस, भाजल्यासारखी द्रव्येही तयार होतात. केवळ वाफेवर तापवलेल्या पात्रात हा भाग येत नाही.

उगवतीकडे

या गावाचा जपानशी असलेला संबंध येथे नोंदवला पाहिजे. मासाताका ताकेत्सुरू हे तरुण रसायनतज्ज्ञ १९१८ साली स्कॉटलंडला गेले, ग्लासगोत शिकले आणि १९२० साली त्यांनी रीटा कोवान यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी ते पत्नीसह कॅम्पबेलटाउनला राहिले आणि जुन्या हेझलबर्न डिस्टिलरीत त्यांनी काही महिने काम शिकून घेतले. त्यांनी बारकाईने लिहून आणलेल्या टिपणांचा उपयोग पुढे यामाझाकी डिस्टिलरी उभी करताना झाला, आणि १९३४ साली त्यांनी होक्काइडोतल्या योइची येथे स्वतःची डिस्टिलरी काढली. योइचीची पात्रे आजही कोळशाच्या थेट आचेवर तापवली जातात.

मूळ हेझलबर्न १९२५ साली बंद पडली. ती गावातली सर्वांत मोठी डिस्टिलरी होती, तरी वाचली नाही. आणि तेथे शिकलेल्या विद्येचा वंश मात्र जपानमध्ये फोफावला. हे वाचताना मला दर वेळी हुरहुर लागते.

दीपमाळ

ग्लेनगाइलचा उल्लेख राहून गेला आहे, म्हणून लिहितो. मिचेल बंधूंत बेबनाव झाला (तो मेंढ्यांवरून झाला असे सांगतात) आणि विल्यम मिचेल यांनी बाहेर पडून १८७२ साली शेजारीच ग्लेनगाइल डिस्टिलरी काढली. तीही १९२५ साली बंद झाली. इमारत मात्र इतर उपयोगांसाठी टिकून राहिली. स्प्रिंगबँकचे मालक हेडली राइट हे याच कुटुंबाचे वंशज. त्यांनी २००० साली ती इमारत घेतली आणि २००४ साली तेथून पुन्हा मद्यार्क वाहू लागला. ‘ग्लेनगाइल’ हे नाव दुसऱ्या कंपनीच्या व्हिस्कीसाठी आधीच वापरात असल्यामुळे येथील व्हिस्की ‘किलकेरन’ या नावाने विकली जाते.

यामागे गावाचा स्वाभिमानही होता. दोनच डिस्टिलऱ्या उरल्यामुळे कॅम्पबेलटाउनला स्वतंत्र व्हिस्की प्रदेश का मानावे, असा प्रश्न उपस्थित होऊ लागला होता. दक्षिण स्कॉटलंडमधल्या लोलँड्समध्ये तीन डिस्टिलऱ्या असताना तो प्रदेश मानला जातो, मग आमच्याकडे तिसरी सुरू झाली की प्रश्नच उरत नाही, अशी राइट यांची भूमिका होती असे सांगितले जाते. पुढे २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत कॅम्पबेलटाउनच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले. राइट यांचे २०२३ साली निधन झाले. ते प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहिले, पण एका गावाचे नाव नकाशावर टिकवून ठेवण्याचे श्रेय त्यांना निःसंशय दिले पाहिजे.

मडगावकर

गोव्याच्या दृष्टीने एक निरीक्षण नोंदवतो. आमच्याकडे कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट तयार होते. दमट उष्णतेमुळे पिंपातून दर वर्षी उडून जाणारा भाग येथे स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो. तिकडे तो साधारण दोन टक्के धरला जातो. त्यामुळे गोव्यात काही वर्षांतच लाकडाचा अंमल पूर्ण दिसू लागतो, तर स्प्रिंगबँकचे पिंप थंड, दमट गोदामात मातीच्या जमिनीवर १५, १८ किंवा २१ वर्षे शांतपणे पडून राहू शकते. त्यामुळे बाटलीवरचे वर्षांचे आकडे दोन्हीकडे एकाच मापाने वाचू नयेत. मला दोन्ही आवडतात, पण सावकाश मुरण्याने येणारी ती मेणचट, खारट खोली मला स्प्रिंगबँकमध्येच मिळते.

किमतीविषयी मात्र मन खट्टू होते. भारतात आयात स्कॉचवर १५० टक्के मूलभूत सीमाशुल्क वर्षानुवर्षे होते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते आधी ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. पण स्प्रिंगबँकची टंचाई जगभरच आहे आणि संग्राहकांचा बाजार लेबलवरच्या किमतीच्या कितीतरी पट भाव मागतो.

जुनीवही

@मडगावकर, टंचाईच्या मुद्द्यावर विचारावेसे वाटते. एवढी मागणी असताना कंपनी उत्पादन का वाढवत नाही? मुद्दाम तुटवडा राखून नावाभोवती वलय निर्माण केले जात आहे, असा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे.

कोकणकडा

@जुनीवही, हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. माल्टची जमीन जेवढी आहे, तेवढीच बार्ली एका वेळी पसरता येते. स्प्रिंगबँकचे सगळे उत्पादन त्या जमिनीने बांधलेले आहे. बाहेरचा माल्ट आणला तर उद्याच उत्पादन वाढेल, पण मग वर ज्याची आपण एवढी चर्चा केली ते सारेच सोडून द्यावे लागेल. शिवाय आज विकली जाणारी १८ वर्षांची बाटली १८ वर्षांपूर्वीच्या धिमेपणावर अवलंबून असते. १९७९ नंतर ऐंशीच्या दशकात बहुतांश काळ ही डिस्टिलरी जवळजवळ थंडच होती, कारण तेव्हा साऱ्या स्कॉटलंडमध्ये गरजेहून अधिक व्हिस्की पिंपांत साठली होती आणि अनेक डिस्टिलऱ्या कायमच्या बंद झाल्या. तो अनुभव घेतलेल्या मालकाने तेजीच्या काळात हात आखडता ठेवला, तर त्यात मला शहाणपण दिसते. संग्राहकांच्या बाजारातला चढा नफा डिस्टिलरीच्या पदरात पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

प्रथमच चव घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी शेवटी थोडे लिहितो. १० वर्षांची स्प्रिंगबँक ही योग्य सुरुवात आहे. ती ४६ टक्क्यांवर बाटलीबंद होते, तिला थंड गाळणी (गढूळपणा टाळण्यासाठी थंड करून गाळणे) लावत नाहीत आणि तिच्यात रंगासाठी कॅरॅमल घालत नाहीत. म्हणून पाणी घातल्यावर ती किंचित गढूळ झाली तर तो दोष समजू नये. बर्बन (अमेरिकी व्हिस्की) आणि शेरी (स्पॅनिश वाइन) यांच्या पिंपांतला माल तिच्यात एकत्र केलेला असतो. पहिल्या वासाला नाशपाती, व्हॅनिला आणि ओला माल्ट जाणवतो, त्यामागून समुद्राचा खारेपणा आणि दुरून आल्यासारखा धूर येतो. जिभेवर तेलाचा पातळ थर बसल्याची जाणीव राहते. काहींना आरंभी तिच्यातला आंबूस, तळघरासारखा वास खटकतो. ग्लासात पंधरा-वीस मिनिटे उघडी ठेवून, मग थेंबाथेंबाने पाणी घालत गेल्यास तो वास मागे सरतो आणि फळे पुढे येतात. धुराची आवड असलेल्यांनी त्यानंतर लाँगरोकडे वळावे. हेझलबर्नही जरूर चाखावी, कारण त्या घराचा मूळ तेलकट, माल्टचा गाभा धुराच्या आडोशाशिवाय तिच्यातच स्पष्ट कळतो.